टायरच्या दुकानावरची अमेरिका

उड्डाणपूल झाल्यापासून नगरचे दुसरे मजले डोळ्यांच्या पातळीवर आले आहेत. पूर्वी मान वर करून बघावं लागे. आता स्कूटीवरून जाताना लोकांची वाळत घातलेली लुगडी, पाण्याच्या काळ्या टाक्या, कुणाच्या घरात चालू असलेला टीव्ही, सगळं शेजारून सरकत जातं. शहराचं नावही मध्यंतरी बदललं. पाट्या नव्या लागल्या, माझ्या तोंडून मात्र अजून नगरच निघतं.

शाळेत जाताना पुलाच्या एका वळणावर मी डावीकडे बघते. तिथे एका जुन्या इमारतीची खिडकी अगदी कठड्याला लागून आहे. आत आता खोकी रचलेली दिसतात, कसल्या तरी मालाचं गोडाऊन असावं. खाली टायरचं दुकान होतं तेही गेलं. पण ऊन तापलं की अजून मला तिथे जळक्या रबराचा वास येतो. खरंच येतो की मीच तो सोबत घेऊन फिरते, हे मला सांगता येणार नाही.

त्या खोलीत आमचा विमानाचा क्लास होता. दारावरच्या पाटीवर इंग्रजीत लांबलचक नाव होतं, पण बाजारात विचारलं तर लोक म्हणत, "विमानाचा क्लास ना? टायरवाल्याच्या वर." त्या काळात गावोगाव असे क्लास निघाले होते. देशात नव्या नव्या विमान कंपन्या येत होत्या आणि बारावी झालेल्या मुलींना कुणीतरी सांगत होतं की आता तुमच्यासाठी आभाळ मोकळं आहे. आम्ही ते ऐकलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कोणतं सांगणं खरं मानायचं आणि कोणतं नाही, हे विचारायलाही कुणी नव्हतं.

क्लास गायकवाड सरांचा. सर नगरचेच, मिशनच्या शाळेत शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. उमेदीच्या काळात ते मुंबईच्या विमानतळावर एका अमेरिकन कंपनीच्या काउंटरवर होते. ती कंपनी बुडाली आणि सर परत आले. त्या कंपनीबद्दल बोलताना त्यांच्या तोंडी कधी एकेरी येत नसे. "ते गेले तेव्हा मी ड्यूटीवर होतो," असं म्हणत, घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, निळा टाय, आणि पायात उन्हाळ्यातही मोजे. जिना चढून आले की आधी रुमालाने बूट पुसत, मग आम्हाला "गुड मॉर्निंग, लेडीज" म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा आम्हाला कुणी लेडीज म्हणत होतं. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो आणि ताठ बसायचो.

बसायला एस.टी.ची बाकडी होती. भंगारात निघालेल्या लाल गाडीची बाकडी सरांनी उचलून आणली होती आणि मधे वाट सोडून ओळीत मांडली होती. ते आमचं विमान. त्यांचं रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला, म्हणून सरांनी माझ्या अब्बांना बोलावलं. अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. त्यांनी सगळ्या बाकड्यांत नवा कापूस भरला, वर निळं कापड शिवलं, आणि पलंगाच्या नवारीचे कमरपट्टे करून दिले. काम झाल्यावर स्वतःच एका बाकड्यावर बसून बघितलं आणि म्हणाले, "सर, विमान उतरलं तरी माणूस उठायचा नाही बघा."

सर एवढे हसले की त्यांचा टाय सुटला.

घरी मात्र हसणं निराळं होतं. शेजारच्या खाला दुपारी अम्मीकडे लसूण सोलायला येत. एकदा म्हणाल्या, "हवेत जाऊन लोकांची उष्टी उचलणार का गं? इथं काय कमी पडली?" अम्मी लसूण सोलत राहिली. अब्बा सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "उष्टी उचलायला इंग्रजी लागतं, खाला. इथं फुकट उचलतात." खाला उठून गेल्या. लसूण तसाच राहिला, तो मला सोलावा लागला.

सकाळी खाली टायरवाला पंक्चर काढायला बसे. रबराचा वास जिन्यातून वर येई. तो टायरमध्ये हवा भरू लागला की फस्स आवाज होई आणि सर बोट वर करून म्हणत, "डोअर्स क्लोज्ड." मग चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजे, टिंग. पट्टे बांधा. आम्ही आलटून पालटून प्रवासी व्हायचो आणि एकेकीने ट्रे घेऊन मधल्या वाटेने जायचं. मधेच सर बाकड्याला धक्का द्यायचे आणि ओरडायचे, "टर्ब्युलन्स!" पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून.

जयश्रीचं कधी सांडलं नाही.

ती पाथर्डीकडची. आई-वडील ऊसतोडीला जात आणि ती लहानपणी त्यांच्यासोबत फडावर असे. पुढे कुणा शिक्षकाने सांगितल्यामुळे तिला नगरशेजारी केडगावात मावशीकडे ठेवलं आणि ती बारावीपर्यंत पोचली. अंगाने उंच, रंगाने सावळी, हसली की सगळे दात दिसत. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, एवढा तोल कुठे शिकलीस? ती म्हणाली, "ढेकळातून हंडा आनायचा आसला की येतं, सर. त्यात काय शिकायचंय?"

दुपारनंतर इतिहासाचा तास. हा तास दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये होता की नाही, मला माहीत नाही. सरांचा तो जीव होता. म्हणत, "मुलगी बघायला आलेले लोक कूळ विचारतात. मग ज्या कंपनीत जायचं तिचं कूळ तुम्ही नको विचारायला?" आणि खडू घेऊन अमेरिकेतल्या विमान कंपन्यांची वंशावळ फळ्यावर काढत. कंपन्यांची नावं आमच्या जिभेला बसेनात, म्हणून सरांनी त्यांना शेपटीच्या रंगावरून नावं दिली होती. लाल शेपटीवाली, निळ्या गोळ्यावाली, चंदेरी, पिवळ्या पट्ट्याची. आम्ही पाढ्यांसारखं म्हणत असू. कोणापासून कोण जन्मलं, कोणी कोणाला गिळलं, कोण संपलं.

सर सांगत, सुरुवातीला ही विमानं माणसांची नव्हतीच, टपालाची होती. सरकार पत्रं न्यायचे पैसे देई, त्यावर कंपन्या जगत. एखादा माणूस आलाच तर त्याला टपालाच्या पोत्यांवर बसवून नेत. रात्री वाट दिसावी म्हणून रानात शेकोट्या पेटवून ठेवत.

जयश्री म्हणाली, "म्हंजी आमच्यागतच की वो, सर. ट्रकात आधी बोचकी, भांडी, शेरडं. मानसं सगळ्यात वर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "करेक्ट. एक्झॅक्टली असंच."

तेव्हापासून तो तास तिचाच झाला. सर म्हणाले, मोठ्या कंपन्यांनी एकेक शहर मुख्य ठाणं केलं, सगळी विमानं तिथे यायची आणि तिथून फुटायची. जयश्री म्हणाली, "माळीवाडा स्टँड." सर म्हणाले, सरकारने भाड्यावरची बंधनं काढली, मग उठसूट नव्या कंपन्या निघाल्या, एकमेकींना खाऊ लागल्या, लहानांचे रंग पुसून मोठीचा रंग मारला. ती म्हणाली, "कारखान्याचा बोर्ड बदलतो तसं. ऊस त्योच आसतो." मी पुस्तकात वाचून जे पाठ करत होते, ते ती ओळखीच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायची. माझ्या वहीत अमेरिका होती, तिच्या डोळ्यांपुढे बहुधा पाथर्डीच होती.

मग एके दिवशी पहिल्या हवाई सुंदऱ्यांचा धडा आला. त्या नर्स होत्या. लोक विमानाला घाबरत, उलट्या करत, म्हणून नर्स ठेवल्या. पुढे त्यांना वजनकाट्यावर उभं करू लागले. लग्न केलं की नोकरी गेली. वय वाढलं की नोकरी गेली. अंगावर डाग नको, चष्मा नको.

"मंग?" जयश्रीने विचारलं.

"मग काय? त्या बायका कोर्टात गेल्या. बरीच वर्षं भांडल्या. नियम गेले."

"जिंकल्या?"

"जिंकल्या."

"मंग आपल्याला त्येच नियम का पाठ करायला लावताय?"

सर फळ्याकडे वळले. म्हणाले, "कारण तू अमेरिकेत नाहीस, जयश्री. पण अमेरिकन कंपनी आली ना, की बघ." आणि पुसायला डस्टर उचललं.

अमेरिकन कंपनी येणार, हे सरांचं नेहमीचं वाक्य होतं. आमच्याकडून त्यासाठी त्यांनी काही उकळलं असं नाही. स्वतःच त्या वाक्यावर जगत होते. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण ते स्वतः ठेवत होते.

त्या वर्षीचा पावसाळा आठवतो तो उघडिपीचाच. पाथर्डीकडे बाजरी करपली, असं जयश्री सांगे. नगरमध्ये मोहरम आला, कोठल्याला ताबुतांपाशी गर्दी झाली, आमच्या गल्लीत माठांतून सरबत वाटलं. जयश्री मावशीला घेऊन सवारी बघायला आली होती. अम्मीने तिला तुळशीचं बी घातलेलं सरबत दिलं आणि तिने तीन पेले रिचवले. मग गणपती बसले. टायरवाल्याने दुकानात मांडव घातला आणि त्याच्या स्पीकरमुळे आमची विमानातली सूचना कुणालाच ऐकू येईना. सर म्हणाले, "इंजिनचा आवाज समजा." आरतीच्या कापराचा धूर आणि रबराचा धूर एकत्र वर यायचा. मी आजही कापूर जळताना बघितला की माझ्या हातात ट्रे असल्यासारखं वाटतं.

त्याच दिवसांत जयश्रीचे वडील क्लासवर आले. आप्पा. पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. जिन्यातून वर आले आणि दारातच चपला काढून उभे राहिले. सर म्हणाले, आत या, बसा. ते एस.टी.च्या बाकड्यावर अगदी कडेला बसले. कापडावरून हात फिरवून म्हणाले, "गाडीची सीट दिसती."

"विमानाची समजा," सर म्हणाले.

"समजतो की. आमचं समजन्यातच गेलंय सगळं," आप्पा हसून म्हणाले. मग गंभीर झाले. "सर, पोरीचं जमलंय. मानसं चांगली हायेत. पन दसरा झाला की टोळीची गाडी येती. पोराचं लगीन न्हाई झालं तर त्याचा अर्धा कोयताच धरत्यात. त्यांनाबी घाई हाय."

आमच्या वर्गातल्या शहरातल्या मुलींना ते कळलं नाही. जयश्रीने मला नंतर समजावून सांगितलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत मान नाही. म्हणून फडावर जायच्या आधी लग्नं उरकतात.

"आप्पा, इमान कंपनीची निवड हाय माझी पुण्याला," जयश्री म्हणाली. "नवरात्राच्या आधी."

"व्हय गं, त्येच इचारतोय. झाली निवड तर मी सोता जाऊन त्या लोकांच्या पाया पडतो, न्हाई म्हनून सांगतो. न्हाई झाली तर?"

खालून फस्स आवाज आला. कुणी हसलं नाही.

"मंग तू माज्यासंगं गावाकडं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. विनंती केल्यासारखा होता, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून गेला नाही.

जयश्रीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, एक व्रण होता. लांब, पांढरट, मधे जरा उंच झालेला. लहानपणी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करताना आईचा कोयता सटकला होता. फडावर हळद दाबून चिंधी बांधली आणि तसंच भरून आलं. निवडीच्या आधीचे आठवडे आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष त्या व्रणावर होतं. अम्मी साय लावायची, मग बेसन. खाला, त्याच खाला, कुठून तरी बदामाचं तेल घेऊन आल्या आणि स्वतः चोळत बसल्या. "जाईल गं, जाईल," म्हणायच्या. सरांनी मुंबईहून कातडीच्या रंगाचं मलम मागवलं. ते लावून वर पावडर दाबली की व्रण दिसेनासा व्हायचा. जयश्री हात उन्हात धरून बघायची आणि म्हणायची, "हे बघ. कोयता गेला, आमचा कारखाना बंद."

तिची आई मोहट्याच्या देवीला चालत गेली. अब्बांनी दर्ग्यात फूल वाहिलं. मुलगी एक होती, पण तिच्यासाठी किती जण किती दिशांना तोंड करून उभे होते, हे आठवलं की मला आज राग येतो. कुणावर येतो ते नीट सांगता येत नाही.

पुण्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये निवड होती. गार हवा, गुलाबाच्या अत्तरासारखा वास, पाय रुतेल असा गालिचा. अमेरिकन कुणी नव्हतं. आपल्याच देशातली एक कंपनी होती आणि तिच्यासाठी मुली निवडणाऱ्या मॅडम होत्या. भिंतीवर उंचीसाठी एक रेघ मारलेली. मी रेघेखाली उभी राहिले आणि तिथेच माझं संपलं. मला फारसं वाईटही वाटलं नाही, कारण माझं सगळं लक्ष जयश्रीकडे होतं. मी कडेच्या खुर्चीवर बसून बघत राहिले.

ती रेघेच्या वर होती. चालली तेव्हा दोन मॅडम एकमेकींकडे बघून मान हलवत होत्या. इंग्रजीत स्वतःबद्दल बोलली, कुठे अडखळली नाही. मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात आप्पांना त्या लोकांच्या अंगणात पाया पडताना बघितलं.

मग एका मॅडमने ओल्या कागदी रुमालाचं पाकीट काढलं आणि सगळ्या मुलींना बाह्या वर करायला सांगितल्या. त्या एकेकीचा हात हातात घेऊन, अगदी प्रेमाने, कोपरापर्यंत पुसत होत्या. जयश्रीच्या हातावरून रुमाल फिरला आणि तो तपकिरी झाला.

"हे काय आहे?"

"कोयता लागलाय, मॅडम. लहानपनी. उसाचा."

"सॉरी. दिसेल अशी खूण चालत नाही."

जयश्री जागची हलली नाही. तिने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. सरांच्या तासाचं इंग्रजी, एकेक शब्द सुटा. अमेरिकेतही असे नियम होते, म्हणाली. तिथल्या विमानातल्या स्त्रिया कोर्टात गेल्या. लग्नाचा नियम गेला, वयाचा गेला. व्रणाने काम अडत नाही, माझ्या हातून पाणी सांडत नाही, तुम्ही बघा. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "किती छान बोलतेस गं! पुढे कधी खाली काउंटरवर जागा निघाली तर नक्की कळवू." आणि पुढच्या मुलीचा हात हातात घेतला.

त्या वाईट बाई नव्हत्या. हेच सगळ्यात वाईट होतं.

परतीच्या एस.टी.त आम्ही मागच्या बाकड्यावर बसलो. शिक्रापूर गेलं, सुपं आलं. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि आमच्या टाईट अंबाड्यांकडे, लिपस्टिककडे बघून म्हणाला, "काय ताई, नाटक-बिटक हुतं का?"

"व्हय," जयश्री म्हणाली. "पडलं."

तो हसत पुढे गेला. तीही हसली. मग तिने अंबाड्याच्या पिना एकेक करून काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तुला ठिव. मला आता येनी घालायची."

सर क्लासवर वाट बघत होते. फळा पुसून ठेवला होता, टाय बांधलेला. आमचे चेहरे बघून ते एका बाकड्यावर खाली बसले. म्हणाले, "अमेरिकन कंपनी असती तर..."

"सर," जयश्रीने मऊ आवाजात विचारलं, "ती कंदी येनार हुती?"

सरांनी टायची गाठ सैल केली. ती वाकून त्यांच्या पाया पडली. ख्रिस्ती माणसाला हे चालतं की नाही, आम्हाला कळत नव्हतं. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटली गेली आणि त्यानंतर लगेच तिचं लग्न झालं. अब्बांनी नव्या कापसाची रजई भरून दिली. म्हणाले, फडावर थंडी असते. मांडवात ज्वारीची ताटं बांधलेली, पंगतीत लापशी. संध्याकाळी ट्रक आला. आधी बोचकी चढली, मग भांडी, मग शेरडं, मग माणसं. हळदीच्या अंगाने ती वर चढली. नवऱ्याचा आता पूर्ण कोयता झाला होता, आणि तो लाजून दुसरीकडे बघत होता.

क्लास पुढे फार चालला नाही. पण सरांनी मला सोडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन इंग्रजी शिकवत राहिले, कॉलेजात नाव घालायला अब्बांसोबत तेच आले. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, आज एका शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या घरातली मी पहिली पदवीधर. हे ऋण आहे आणि ते मी मानते. सर वारले तेव्हा मी कबरस्तानाच्या फाटकापर्यंत गेले होते. पण कृतज्ञता म्हणजे तोंड बंद ठेवणं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या वाट्याला त्यांचं इंग्रजी आलं आणि जयश्रीच्या वाट्याला त्यांचं स्वप्न. आम्ही एकाच बाकड्यावर बसायचो.

कधी कधी मोबाईलवर मी त्या कंपन्यांबद्दल वाचते. सरांच्या फळ्यावरचे बरेच रंग आता उरलेले नाहीत. लाल शेपटीवाली एका मोठीत मिसळली. इतर काहींनी दिवाळं काढलं, कोर्टात गेल्या, कोर्टाने संरक्षण दिलं, आणि त्या दिवाळखोरीतही त्यांची विमानं उडत राहिली. पुन्हा नीट उभ्या राहिल्या. नवा रंग, नवी शेपटी. एवढ्या अवाढव्य कंपन्यांना पुन्हा पुन्हा सांभाळून घेणारे लोक जगात असतात. जयश्रीला कुणी दुसऱ्यांदा बाही वर करायला सांगितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. आमचं बोलणं चालू असतं, सणावाराला, कधी मुलांच्या निकालाला. म्हणाली, "यंदा कोपरगावच्या अलीकडं टोळी हाय आमची. शिर्डीचं इमानतळ हाय ना, त्याच्या अंगाला. ये की. डोक्यावरनं इमानं जात्यात, तुला दाखवते."

मी रविवारी गेले. उसाच्या पाचटाचा गोडसर वास, मळीचा आंबूस वास, आणि दूरवर कारखान्याची चिमणी. राहायच्या कोप्या रांगेत उभ्या होत्या, पाचटाच्या, वरून ताडपत्री. जयश्री चुलीवर चहा ठेवून बसली होती. वाळली होती, पण हसली तेव्हा सगळे दात दिसले. पोरं शेजारी अभ्यास करत होती, धाकटा मोठ्याने इंग्रजी शब्द म्हणत होता आणि ती चुलीपाशी बसून त्याचे उच्चार दुरुस्त करत होती. सरांचे उच्चार.

विमान आलं तेव्हा कोप्यांवरची ताडपत्री थरथरली. चाकं बाहेर आलेली स्पष्ट दिसत होती. पोरं ओरडत धावली. तिची जाऊ म्हणाली, "झालं, आली जयश्रीची गाडी." सगळ्या बाया हसल्या. हा त्यांचा रोजचा विनोद असावा, कारण तीही सवयीने हसली.

मग चहाचा कप माझ्या हातात देत तिने विचारलं, "तू बसलीस का गं कंदी?"

मी बसले होते. शाळेने एका प्रशिक्षणाला दिल्लीला पाठवलं होतं. तिला हे सांगायचं मी टाळत आले होते. आता खोटं बोलता येईना. म्हणाले, "एकदा."

"कशी हुती ती पोरगी? पानी द्यायला आली असंल ना?"

"होती साधीच. आपल्यासारखी."

"टर्ब्युलन्स झालं?"

"थोडं. तिचं सांडलं."

जयश्री खूश होऊन हसली. मांडीवर हात मारला. मग जरा थांबली, चुलीतलं लाकूड पुढे सारलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कापडं काय घातल्याली?"

मला विमानात बसल्यापासून ठाऊक होतं की हा प्रश्न येणार. त्या मुलीने माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला तेव्हा मी तिचा चेहरा बघितलाच नव्हता, हात बघितला होता.

"गडद निळा कोट," मी म्हणाले.

"बाह्या?"

"पूर्ण होत्या."

"मनगटापतूर?"

"मनगटाच्याही खाली. बटणं लावलेली."

चुलीवर राहिलेला चहा उकळून उतू गेला, राखेचा वास आला, पोराने शब्द म्हणायचं थांबवून आमच्याकडे बघितलं. तिने पातेलं उतरवून ठेवलं. फडातून नवऱ्याने हाक मारली, गाडी भरायला आली होती. ती उठली, कोपीच्या मेढीवर टांगलेला त्याचा जुना शर्ट साडीवरून अंगात घातला. फडावर सगळ्याच बाया असा शर्ट घालतात, पाचटाने हात चिरतात म्हणून. तिने दोन्ही बाह्या खाली ओढल्या, मनगटाची बटणं एकेक करून नीट लावली, हात पुढे धरून एकदा बघितले, आणि उसात गेली.